एक्का-राजा हातात, नव्वी-अठ्ठी-छक्की टेबलावर

या डावात माझ्या भाच्याच्या 230 चिप्स गेल्या. त्याचं मला काही वाटलं नाही, चिप्स जातात. पण डाव संपल्यावर तो म्हणाला, "मामा, खेळलो बरोबर, नशीब नव्हतं," आणि तिथे मी अडलो. नशीब त्या डावात फारसं कुठे आलंच नव्हतं. रविवारी सकाळी वही काढून बसलो आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यावर, त्याने चिप्स लावल्या ती एक बेट उलगडत गेलो. हे लिखाण त्यातून आलं. पोकर नुकतं शिकणाऱ्याची नेमकी इथेच गल्लत होते, म्हणून डाव अख्खा मांडतो.

आधी टेबल कसं होतं ते. मुलुंड पूर्वेला दादाकडे शनिवारी रात्री आम्ही सहा जण बसतो. पैसे नसतात. महाराष्ट्रातला जुगारबंदीचा कायदा 1887 चा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा आणला. पण आमच्याकडे पैसे नसण्याचं कारण यापेक्षा जुनं आहे: आई. "घरात पत्ते चालतील, पैसे चालणार नाहीत" हा तिचा नियम, आणि ती आता नसली तरी नियम आहे. प्रत्येकाला 1000 प्लास्टिकच्या चिप्स, ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी घालायच्या सक्तीच्या चिप्स) 5 आणि 10. रात्री ज्याच्याकडे सगळ्यात कमी उरतील त्याने सगळ्यांच्या कपबशा विसळायच्या. हसू नका, सहा जणांच्या दोन-दोन वेळच्या कपबशा असतात.

पत्ते प्लास्टिकचे घेतले आहेत. कागदी कॅट पावसाळ्यात फुगतो, पानं एकमेकांना चिकटतात, आणि वाटणाऱ्याने एकाला चुकून तीन पानं दिली की भांडण. चिवड्याची बशी टेबलावर ठेवायची नाही, शेजारच्या स्टुलावर. हा नियम वहिनींचा.

खेळ टेक्सस होल्डेम. ज्यांनी फक्त तीन पत्ती खेळली आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यांत: प्रत्येकाला दोन बंद पानं, मग टेबलावर सगळ्यांची मिळून तीन पानं उघडतात तो फ्लॉप, नंतर एक टर्न, नंतर एक रिव्हर. हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सातांतून ज्याची पाच पानं भारी, तो पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, नेतो. प्रत्येक टप्प्यावर चिप्स लावता येतात, न लावता "चेक" म्हणता येतं, किंवा पानं टाकून उठता येतं.

तीन पत्तीहून मोठा फरक एकच. तिथे तुमची तीन पानं तुमचीच, दुसऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. इथे टेबलावरची तीन पानं सगळ्यांना दिसतात आणि सगळ्यांची असतात. त्यामुळे "मला काय लागलं?" हा प्रश्न निम्माच राहतो. उरलेला निम्मा असा: ही तीन पानं समोरच्याला कितपत लागली असतील?

डाव

त्या वेळी वाटणीचं बटण (वाटणारा कोण हे दाखवणारी चकती) दादासमोर होतं. स्मॉल ब्लाइंड दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा, बिग ब्लाइंड वहिनींचा. पहिला बोलायचा मी, माझ्याकडे सत्ती-तिर्री, मी उठलो. माझ्या शेजारी माझा ऑफिसातला मित्र. साडेअकरा वाजून गेले की त्याचा एक डोळा घड्याळावर असतो, डोंबिवलीला जायचं असतं. तोही उठला.

भाच्याने पानांचा कोपरा उचलून बघितला आणि 30 केले. त्याच्याकडे बदामचा एक्का आणि किलवरचा राजा. इथपर्यंत वाद नाही, एक्का-राजावर वाढवायलाच हवं. दादा उठला. काकांनी 25 घालून कॉल केलं, म्हणजे त्याच्याशी बरोबरी केली, वहिनींनी 20 घालून. पॉट 90.

फ्लॉप: इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी, बदामची छक्की.

काका चेक. वहिनी चेक. भाच्याने 60 लावले, लगेच, जणू चिप्स आधीच मोजून ठेवल्या होत्या. काकांनी "हॅत्" करून पानं टाकली. वहिनींनी कप खाली ठेवला, सहा चिप्स एकेक करून मोजल्या आणि कॉल. पॉट 210.

टर्न: चौकटची दुर्री. वहिनी चेक. भाचा 140. वहिनींनी पुन्हा एकेक करून मोजल्या. कॉल. पॉट 490.

रिव्हर: किलवरची राणी. ती उघडताच काकांनी कपाळावर हात मारला. वहिनी चेक. भाच्याने चिप्सच्या थप्पीवर हात ठेवला, काढला, आणि चेक केलं.

वहिनींनी इस्पिकची दश्शी आणि किलवरची नव्वी उलटी केली. नव्व्यांची जोडी. भाच्याकडे जोडीही नव्हती. काकांनी न विचारता सांगितलं की त्यांनी चौकटची राणी-गुलाम टाकली होती. म्हणजे बसून राहिले असते तर राण्यांच्या जोडीवर पॉट त्यांचा होता. ही हळहळ पुढचे चार डाव चालली.

त्याचं म्हणणं

भाच्याने इंटरनेटवर पोकरचे बरेच व्हिडिओ पाहिलेत. त्यातून उचललेला नियम असा: फ्लॉपच्या आधी तुम्ही वाढवलं असेल तर फ्लॉपवर तुम्हीच पुढे लावायचं, लागो न लागो. याला कंटिन्युएशन बेट म्हणतात, बोलताना सी-बेट. नियमामागचा तर्क खरा आहे. होल्डेममध्ये जोडी नसलेली कुठलीही दोन पानं घ्या, फ्लॉपवर त्यातल्या एकालाही जोड मिळत नाही असं सुमारे 67.6 टक्के वेळा होतं. हिशोब घरी करून बघता येतो. तुमच्या दोन पानांना जोड देणारी सहा पानं उरलेल्या 50 मध्ये असतात, बाकीची 44 निरुपयोगी. 44 गुणिले 43 गुणिले 42, भागिले 50 गुणिले 49 गुणिले 48. म्हणजे तुम्हाला जसं बहुतेकदा लागत नाही, तसं समोरच्यालाही लागत नाही. तुम्ही आधी वाढवून "माझं भारी आहे" असं सांगून बसला आहात, तेच पुढे चालू ठेवा, तो उठेल.

मग चुकलं कुठे? भाचा म्हणतो, मामींना नेमकी नव्वी लागली, एवढंच. मी म्हणतो, मामींना काय लागलं ते सोडून दे. त्यांची पानं बंदच राहिली असती तरी ती 60 ची बेट वाईट होती.

चाळीस टक्के

बेटीची किंमत आधी काढू, कारण नवशिक्या ती काढतच नाही. पॉटमध्ये 90. भाचा 60 लावतो. सगळे उठले तर 90 मिळतात, कुणी बसलं तर 60 धोक्यात. हातात काहीच नाही असं धरलं तर ही हूल तोट्यात जाऊ नये म्हणून ती दर 150 मागे 60 वेळा, म्हणजे 40 टक्के वेळा खपायला हवी. पॉटच्या तृतीयांश लावलं तर 25 टक्के पुरतात. अर्धा लावला तर 33, पूर्ण पॉट लावला तर 50. हे चार आकडे पाठ करावेत, पाढ्यांपेक्षा सोपे आहेत.

आता 40 टक्के ऐकायला कमी वाटतात. समोर एक जण असेल तर खरोखरच कमी आहेत. पण समोर दोघं होती. दोघांनीही उठायला हवं. काका आणि वहिनी साधारण सारख्याच प्रमाणात उठतात असं धरलं, तर प्रत्येकाने 63 टक्के वेळा उठायला हवं, कारण 0.63 ला 0.63 ने गुणलं की 0.40 च्या आसपास येतं. वहिनी 63 टक्के वेळा उठतात का? ज्यांनी त्यांना एकदा तरी खेळताना पाहिलंय ते या प्रश्नावर हसतील.

वहिनी मूळच्या गिरगावच्या. गणपतीच्या जागरणात चाळीच्या गॅलरीत चटईवर तीन पत्ती खेळून मोठ्या झालेल्या. तिथे पॅक करणं म्हणजे पुढचा डाव येईपर्यंत नुसतं बसून राहणं, आणि रात्र जागायची असताना नुसतं बसायचं कुणाला असतं? तीन पत्तीवर वाढलेल्या बहुतेकांचा हात असाच असतो. आमच्याकडे सहा जणांत सहजी उठणारे दोनच: मी, भित्रा म्हणून; आणि मित्र, गाडी चुकेल म्हणून. भाच्याने पाहिलेल्या व्हिडिओंतले खेळाडू वेगळे. त्यांना फोल्ड करणं, म्हणजे पानं टाकणं, हेच काम वाटतं. त्यांच्यावर चालणारी हूल मुलुंडला आणली आणि वहिनींवर लावली.

आकड्यांत घालून बघू. हे आकडे माझा अंदाज आहेत, पण टेबल ओळखून केलेला अंदाज. 60 च्या बेटीला काका 70 टक्के उठतील, वहिनी 50 टक्के (हेही त्यांच्यावर मेहेरबानी करून). दोघंही उठतील असं 35 टक्के वेळा. तेव्हा भाच्याला 90 मिळतात, म्हणजे सरासरी 31.5. उरलेल्या 65 टक्क्यांत 60 जातात, म्हणजे 39. बेरीज उणे साडेसात. पुढे एक्का किंवा राजा येऊन थोडं परत मिळेल, पण सुरुवातच तोट्यातून.

तीच बेट फक्त वहिनींविरुद्ध असती तर? 50 टक्के वेळा 90, 50 टक्के वेळा उणे 60. अधिक 15. पानं तीच, फ्लॉप तोच, आकडा तोच. एक माणूस कमी केला की चिन्ह बदलतं. भाच्याला सगळ्यात जास्त हीच गोष्ट पटली नाही, आणि त्यानेच वहीत पेन्सिलने तीनदा करून बघितली. मग गप्प बसला.

पानं कोणाची

हे झालं माणसांचं. पण पानांकडेही बघायला हवं होतं.

राजा, सत्ती, दुर्री असा फ्लॉप आला असता, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची पानं, तर गोष्ट निराळी. तो कोरडा फ्लॉप. त्यात सिक्वेन्सची (ओळीने पाच पानांची) वाट बघत बसणारं कुणी नाही, फ्लशचीही (एकाच रंगाच्या पाच पानांची) नाही. शिवाय राजे असतात वाढवणाऱ्याकडे. त्यावर 30 लावले तर दश्शी-नव्वीवाल्याला बसायला निमित्तच उरत नाही.

नव्वी-अठ्ठी-छक्की हा ओला फ्लॉप. तिन्ही पानं एकमेकांना चिकटून, दोन इस्पिक. आणि मधली पानं कोण बाळगतं? ब्लाइंडमधून स्वस्तात आत येणारे. वहिनींना आत यायला 20 घालावे लागले तेव्हा मध्ये 70 होते. 20 मध्ये 90 च्या पॉटचा हिस्सा, 22 टक्के जिंकण्याची शक्यता असली तरी पुरे. त्या भावात दश्शी-सत्ती येते, सत्ती-पंजी येते, नव्वी-अठ्ठी येते. पहिल्या दोहोंची या फ्लॉपवर तयार सिक्वेन्स होते, तिसरीच्या दोन जोड्या. प्रत्येकीची किती रूपं, म्हणजे रंगांच्या किती जुळण्या, शिल्लक असतात तेही मोजता येतं: दश्शी-सत्तीची 16, सत्ती-पंजीची 16, नव्वी-अठ्ठीची 9, कारण एकेक पान टेबलावर गेलंय. भाच्यासारखा वाढवणारा दश्शी-सत्ती, सत्ती-पंजी सहसा खेळत नाही. त्याच्याकडे एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी असू शकते, नाही असं नाही. पण ती प्रत्येकी सहाच रूपांची. एक्का-राजा मात्र 16 रूपांत येतो, आणि या फ्लॉपवर त्याच्या त्या सगळ्या मोठ्या पानांतलं हेच सगळ्यात रिकामं.

त्यात भाच्याचा एक्का बदामचा. हा बारकावा मुद्दाम सांगतो, कारण नवशिक्या रंग बघतो तो फ्लश झाल्यावर. एक्का इस्पिकचा असता तर मी निम्मी तक्रार मागे घेतली असती. मग टर्नवर तिसरं इस्पिक आलं असतं तरी त्याच्याकडे भारी फ्लशची आशा असती, आणि समोरच्याकडे एक्क्याचा फ्लश नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. बदामच्या एक्क्याला यातलं काही नाही.

मग त्याच्याकडे होतं काय? तीन एक्के, तीन राजे. सहा पानं. न दिसणाऱ्या 47 मध्ये सहा, म्हणजे टर्नवर 12.8 टक्के, दोन्ही पानं बघितली तर 24 टक्क्यांच्या आसपास. बरं आहे, वाईट नाही. पण ज्याला सहा पानांची आशा आहे त्याने फुकट पान मिळत असताना ते विकत का घ्यायचं?

आता वहिनींच्या बाजूने बघा. बसायला 60, मध्ये 150. त्यांना 28.6 टक्के हवेत. समोर खरोखर एक्क्यांची जोडी असती तरी त्यांच्याकडे दोन नव्व्या, तीन दश्श्या आणि सिक्वेन्स पुरी करणाऱ्या चार सत्त्या. नऊ पानं. दोन्ही पानं बघायला मिळाली तर सुमारे 35 टक्के. टर्नवर पुन्हा चिप्स मागितल्या की हा हिशोब आवळतो हे खरं, पण फ्लॉपवर कॉल करण्यात त्यांची चूक नव्हती. वहिनींनी यातलं काही मोजलं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, नव्वी लागली होती. उठू कशाला?"

भाच्याच्या बाजूने

एक गोष्ट त्याच्या पारड्यात टाकायलाच हवी. काका उठले. राणी-गुलाम टाकून उठले, आणि त्या पानांना दश्शी आली असती तर सिक्वेन्स, राणी किंवा गुलाम आला असता तर जोडी. अशा दहा पानांच्या आशेला बेटीने बाहेर काढलं. हे फुकटचं नाही, हूल नुसती पॉट उचलण्यासाठी नसते. वहिनी नसत्या तर या एका कारणासाठी मी 60 च्या बेटीचं समर्थन केलं असतं. आणि 60 ऐवजी 30 लावले असते तर? तेव्हा 25 टक्के पुरतात. काका 60 टक्के, वहिनी 40 टक्के उठतील असं धरलं तर दोघं मिळून 24. म्हणजे जवळजवळ बरोबरी. चेक करायचं नसेलच तर 30 लावून बघणं हा गुन्हा नव्हता.

टर्नच्या 140 चं मात्र समर्थन नाही. चौकटची दुर्री आली. जो नव्वी-अठ्ठी-छक्कीवर 60 देऊन बसला, तो दुर्री बघून उठेल का? दुर्रीने कुणाचंच काही बदललं नाही. दुसरी हूल मारायची तर पानाने तिला निमित्त द्यावं लागतं. टर्नला राणी आली असती तर निदान एक गोष्ट सांगता आली असती, वाढवणाऱ्याकडे राण्या असतात. पण ती आली रिव्हरला, आणि आली तेव्हा काकांनी कपाळावर हात मारून सगळ्या टेबलाला सांगून टाकलं की एक राणी त्यांनी फेकलीय. (डाव चालू असताना टाकलेल्या पानांबद्दल चेहऱ्यानेही बोलू नये असा नियम आहे. काकांना तो दर शनिवारी सांगतो.) चारातली एक टेबलावर, एक काकांची. भाच्याकडे राणी असण्याची शक्यता तिथेच निम्म्यावर आली. तिसऱ्यांदा लावायला हात गेला होता, तो त्याने मागे घेतला. या डावात त्याने खरंच चांगलं काही केलं असेल तर ते हेच.

चेक केलं असतं तर

दादा उठल्यामुळे फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलायचा मान भाच्याकडे होता. काका चेक, वहिनी चेक, तोही चेक म्हणाला असता तर टर्न फुकट. एक्का किंवा राजा पडला असता तर टेबलावरची सगळ्यात मोठी जोडी त्याची, आणि वहिनी नव्वी धरून बसल्याच असत्या. तिथे लावलेले 60 आणि नंतरचे 140 कामाचे, कारण तिथे वहिनींनी बसावं हीच इच्छा. वहिनींसारख्यांविरुद्ध सगळा खेळ एका वाक्यात मावतो: त्या बसतात, म्हणून लागल्यावर लावायचं.

दुर्री आली असती आणि वहिनींनी 60 लावले असते तर तो उठला असता. गेले असते 30. या डावात गेले 230.

फुकट पान दिलं तर दुसऱ्यांचंही भलं होतं, हा आक्षेप मित्राने घेतला (त्या रात्री तो शेवटची गाडी चुकवून दादाकडेच झोपला, म्हणून रविवारच्या चर्चेत होता). आक्षेप बरोबर, पण तो जोडी हातात असलेल्याला लागू. नव्वी-एक्का असता तर मी म्हटलं असतं लाव, इस्पिकवाल्याला फुकट बघू देऊ नको. ज्याच्या घरात चोरायला काही नाही त्याने कुलपावर खर्च करू नये.

तो व्हिडिओ

भाच्याने शेवटचं अस्त्र म्हणून फोन काढला. 2003 ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, मुख्य स्पर्धेतली शेवटची दोघं: अमेरिकेतला एक हिशोबनीस ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला खेळाडू सॅमी फर्हा. मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून आला होता, 86 डॉलरच्या प्रवेशावर, आणि शेवटी 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्या दोघांतल्या एका डावात मनीमेकरकडे राजा-सत्ती, जोडीसुद्धा नाही. फर्हाकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरने रिव्हरला सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि फर्हाने नव्वी टाकली.

"बघ," भाचा म्हणाला. "नव्वीच होती त्याच्याकडे. उठला."

आम्ही तो पुन्हा पहिल्यापासून लावला. फ्लॉप इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. फ्लॉपच्या आधी वाढवणारा मनीमेकरच. फ्लॉपवर फर्हा चेक, आणि मनीमेकरही चेक. भाच्याने तो तुकडा किती वेळा बघितला असेल देव जाणे, पण फ्लॉपवर काहीच घडत नाही म्हणून ते त्याच्या डोळ्यांवरून निसटत होतं. लढाई सुरू झाली टर्नला, तिसरं इस्पिक, अठ्ठी आल्यावर. तेव्हा मनीमेकरकडे इस्पिकच्या राजामुळे फ्लशची आशा होती आणि सत्तीमुळे सिक्वेन्सचीही, म्हणजे हूल फसली तरी पुढचं पान वाचवू शकत होतं. आणि समोर एकच माणूस, जो नव्वी टाकू शकतो असा.

वहिनी तेवढ्यात पोहे घेऊन आल्या. फोनमध्ये डोकावून त्यांनी विचारलं, "याने नव्वी टाकली? का?"

पुढचा शनिवार

भाचा पुन्हा बटणाच्या अलीकडे, मी बिग ब्लाइंड. त्याने 30 केले, दादा आणि काका उठले, मी गुलाम-दश्शीवर कॉल केलं. पॉट 65. फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री, तीन वेगळे रंग. मी चेक.

या वेळी त्याने थांबून आधी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. 25 लावले. मी मनात हिशोब केला, 90 मागे 25, त्याला 28 टक्के पुरतात, आणि मी तर याहून जास्त वेळा उठतो. माझ्याकडे ना जोडी, ना कसली आशा. उठलो.

"राजा होता ना?" काकांनी विचारलं. भाच्याने दोन्ही पानं तशीच पालथी गड्डीत सरकवली आणि पिसायला घेतली. वहिनी स्टुलावरची बशी पुढे करत म्हणाल्या, "चिवडा घे, आणि आधी हात पूस." त्या रात्री कपबशा मी विसळल्या.